भरती किती वाजता? मालवणला येणाऱ्यांच्या पत्रांना काकूंची उत्तरं

संपादकांनी गेल्या अंकात ‘मालवणच्या सहलीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा’ असं छापलं, आणि पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवून दिला. मी गाईड नाही. चिवल्याच्या किनाऱ्याजवळ आमची खानावळ आहे, वर चार खोल्यांचं न्याहारी निवास. आमच्या ह्यांचं आयुष्य होडीवर गेलं आणि माझं चुलीपुढे. त्यामुळे समुद्राचं जे सांगते ते त्यांच्याकडून ऐकलेलं आणि खिडकीतून पाहिलेलं, जेवणाचं जे सांगते ते माझं स्वतःचं. काही पत्रं एकसारखी होती, त्यातलं एकेकच घेतलंय.

आम्ही पाच जण नाताळच्या सुट्टीत चार दिवस येणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलं सहा आणि अकरा वर्षांची. यादी अशी: सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, तारकर्ली, देवबाग, त्सुनामी बेट, स्कूबा, कुणकेश्वर, आंगणेवाडी, वेंगुर्ला, शिरोडा, रेडीचा गणपती, आणि जमलं तर परतताना गोवा. कसं बसवू? (डोंबिवलीहून एक वाचक)

बसवू नका. आधी पेन घ्या आणि शेवटची चार नावं खोडा. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी ही वेगळी सहल आहे, तिच्यासाठी मुक्कामही तिकडेच करायला हवा. आणि वर्षअखेरीला गोव्याच्या रस्त्याला लागलात तर सुट्टी गाडीतच संपेल. मुलं मागच्या सीटवर मोबाइल बघणार आणि सासूबाई ‘अजून किती लांब’ विचारणार. त्यासाठी डोंबिवलीहून एवढ्या लांब कशाला यायचं?

उरलेल्या यादीसाठी भिंतीवरचं कालनिर्णय काढा. (ते काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच. इथल्या मेढा भागातलं जय गणेश मंदिर त्यांनीच बांधलं. सासूबाईंना तिथे नक्की न्या, चढउतार नाही आणि शांत आहे.) तुम्ही येणार त्या दिवसांची तिथी बघा. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, जे येईल ती साधारण भरतीची वेळ. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पुनवेला आणि अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरे. मोबाइलवर मिनिटासकट वेळा मिळतात हे मलाही माहीत आहे, पण तुमच्या मोबाइलला किनाऱ्यावर रेंज असेलच असं नाही.

आता याचा उपयोग. पुनवेच्या किंवा अमावस्येच्या आसपास आलात तर सकाळ-संध्याकाळ ओहोटी मिळते. किनारा रुंद होतो, वाळू ओली आणि घट्ट असते, अशा वाळूत दुखऱ्या गुडघ्यांनाही चालता येतं. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र सासूबाईंना चार पावलंसुद्धा नेऊ नका. अष्टमीच्या आसपास याच्या उलटं, सकाळ-संध्याकाळ पाणी वर आणि दुपारी उन्हात ओहोटी. तेव्हा रॉक गार्डनला दुपारी बाराच्या सुमारास, पाणी चढायला लागण्याआधी जा. खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलं मुलांना दाखवायची तर ती ओहोटीलाच दिसतात. भरतीला तिथे फक्त बागेतली बाकडी आणि सेल्फी.

किल्ल्याला पहिल्या दिवशी, सकाळी, लवकरात लवकर जा. नाताळात होडीची रांग बंदरावर किती लांब जाते ते मी सांगत नाही, तुम्ही घाबराल. शिवाय दुपारनंतर वारा उठतो आणि होडी हलायला लागते. होडीत चढताना-उतरताना पाय उचलावा लागतो, ओहोटीला जरा जास्तच. खलाशी हात देतात. सासूबाईंनी लाजायचं नाही, सरळ हात धरायचा. आत गेल्यावर शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत त्या हळूहळू चालू शकतील. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ, आत शिवाजी महाराजांची दाढी नसलेली मूर्ती. तिथेच त्यांना सावलीत बसवा आणि मुलांना घेऊन तुम्ही तट चढा. तट जवळजवळ तीन किलोमीटर आहे, सगळा फिरायचा हट्ट नको. पण दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी मुलांना दाखवा. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मधल्या खडकात गोड, हे अकरा वर्षांच्या मुलाला पुस्तकातून कळत नाही. किल्ल्यावर अजून काही घरं नांदती आहेत. त्यांच्या दारातून जाताना आवाज कमी ठेवा, ते तुमच्यासाठी मांडलेलं प्रदर्शन नाही.

परत आल्यावर बहुतेक लोक जेवायला पळतात. त्याऐवजी दहा मिनिटं काढून किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघा. २५ नोव्हेंबर १६६४ ला किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा इथे झाली. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. तिथे तिकीट नाही आणि रांगही नाही, म्हणून कोणी जात नाही.

दुसरा दिवस तारकर्ली-देवबागला. तिसरा दिवस मोकळा ठेवा. खरंच मोकळा. मुलांना एकाच किनाऱ्यावर दुसऱ्यांदा गेल्यावर खरी मजा येते, पहिल्या दिवशी त्यांना पाण्याची ओळख नसते. चौथ्या दिवशी परतताना गाडी असेल तर आचऱ्यावरून कुणकेश्वर करा. समुद्राला लागून देऊळ आहे, अंगणात बसून लाटा बघता येतात. आंगणेवाडी डिसेंबरात बघायची असेल तर शांतपणे भराडीदेवीचं दर्शन होईल, पण जत्रा बघायची असेल तर ती नंतर असते आणि तिची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरवतात. जत्रेसाठी यायचं नसेल तर त्या दिवसांत मालवणला येऊच नका. खोली मिळणार नाही, रस्ता मिळणार नाही, आणि आम्ही सगळे तिकडे असतो.

राहायचं कुठे: मालवणात, तारकर्लीत की देवबागला? (औरंगाबादहून एक वाचक)

चालत बाजारात जायचं, संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघायचा, वेगवेगळ्या ठिकाणी जेवायचं, तर मालवणात. डोळे उघडल्यावर समोर वाळू हवी असेल तर तारकर्ली, साताठ किलोमीटरवर. देवबाग त्याच्याही पुढे, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये एकच रस्ता आणि दोन्हीकडे घरं. सुंदर आहे, पण मोठ्या सुट्टीत तो रस्ता तुंबतो आणि मग तुम्ही आहात तिथेच आहात. बुकिंग करताना ‘समुद्रापासून किती अंतर’ एवढंच विचारू नका. ‘जेवण घरातलं आहे का आणि किती वाजेपर्यंत मिळतं’ हेही विचारा. रात्री साडेदहाला पोचून ‘काकू, काहीतरी करा ना’ म्हणणारे पाहुणे आम्हाला नवे नाहीत. करतेही मी, पण मग पिठलं-भात मिळतो, सुरमई नाही.

गाडी थेट वाळूत नेता येते का? व्हिडिओत बघितलं. (नाव-गाव लिहिलेलं नाही)

नाही. व्हिडिओ संपल्यावर ती गाडी ओढून काढायला आमच्याच गावातली पोरं दोर घेऊन गेली होती, ते व्हिडिओत नसतं. ओली वाळू घट्ट दिसते, चाक थांबलं की खाली जाते, आणि भरती तुमची वाट बघत नाही. शिवाय या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालायला येतात. चाकाखाली घरटं आलं तर कळणारही नाही.

आम्ही दोघं पुण्याचे, पोहता येत नाही, पण स्कूबा करायचंय. सुरक्षित असतं का? दुसरं, सकाळी डायव्हिंग करून संध्याकाळचं गोव्यातल्या मोपाचं विमान पकडायचा विचार आहे. (पुण्याहून एक जोडपं)

दुसऱ्याचं उत्तर आधी: नको. डायव्हिंग आणि विमान यांच्यात एका डाइव्हनंतरही निदान बारा तास जाऊ द्यावेत, एकापेक्षा जास्त वेळा खाली गेलात तर अठरा. खाली दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन मुरतो, तो सावकाश बाहेर पडायला हवा. विमानात दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. तेव्हा डायव्हिंग पहिल्या दिवशी, विमान शेवटच्या दिवशी. हे गणित अगदी सोपं आहे, पण लोक नेमकं उलटं करतात, कारण ‘जायच्या आधी एवढं उरकून घेऊ’.

पोहता न येणाऱ्यांना जे करवतात ते खरं डायव्हिंग नव्हे, चाखायला दिलेला घास आहे. एक प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो, फार खोल नेत नाही, थोड्या वेळात वर आणतो. चांगल्या माणसाबरोबर केलं तर भीतीचं काही नाही. चांगला कोण हे ओळखायचं कसं? तो आधी तुमच्या तब्येतीचं विचारतो. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत का, सर्दी आहे का. हे न विचारता जो आधी व्हिडिओचे पैसे सांगतो त्याच्याकडून उठा. एका प्रशिक्षकामागे एकच माणूस असावा. नाक दाबून कानातला दाब कसा सोडायचा ते पाण्याबाहेर करून दाखवायला हवं. ‘कान दुखतो’ आणि ‘वर न्या’ या दोन खुणा तुमच्या हाताला पाठ झाल्या पाहिजेत. सर्दी असेल तर त्या दिवशी करूच नका, पैसे गेले तरी चालतील. शिकायचंच असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिथे नीट अभ्यासक्रम असतात.

वेळ सकाळचीच घ्या. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरे, पाणी तेव्हा नितळ असतं. तरीही मागच्या दिवशी वारा असेल तर खाली गढूळ दिसेल. समुद्र काही तुमच्या बुकिंगवर नितळ होत नाही, त्यात प्रशिक्षकाचा दोष नाही, त्याच्याशी भांडू नका.

आणि एक विनंती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. तिथलं प्रवाळ दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं. त्यावर पाय ठेवून फोटो काढू नका. मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटं चुरून टाकतात, तेही करू देऊ नका. बांगड्याला ग्लुकोज बिस्किटाची काय गरज?

गर्दी नसलेला किनारा सांगा. इतर कोणाला सांगणार नाही. (साताऱ्याहून एक वाचक)

हे मासिकात छापून येणार आहे, तरी विचारताय! असो.

गर्दी ठिकाणावर कमी आणि वेळेवर जास्त अवलंबून असते. आमचा चिवला शहराला लागून आहे, संध्याकाळी तिथे मुलं, कुत्री, भेळवाले सगळे असतात. पण सकाळी सहा-साडेसहाला या. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीने लांबवर अर्धगोल जाळं टाकून येतात आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून किनाऱ्याकडे ओढत आणतात. तास-दीड तास चालतं. बघायला उभे राहिलात तर दोराला हात लावा, कोणी नको म्हणत नाही. ‘हात लाव रे’ असा कोणीतरी स्वतःच आवाज देतो. मात्र जाळं वर आल्यावर माशांवर मोबाइल घेऊन तुटून पडू नका, ती त्यांची मजुरी आहे, आधी वाटण्या होऊ द्या. पूर्वीसारखी रापणीला मासळी लागत नाही. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवरून इथे किती भांडणं झाली ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. आमच्या ह्यांच्यासमोर तो विषय काढू नका, जेवण थंड होईल.

तारकर्लीच्या वाळूबद्दल सगळे बोलतात, मी वेगळं काय सांगू? फक्त एक. जिथे पाण्यातल्या खेळांचे तंबू आहेत तिथून उत्तरेकडे मालवणच्या दिशेने चालत राहा. माणसं पंधरा मिनिटांत संपतात.

देवबागच्या समोर, कर्लीच्या पलीकडे, भोगवे आहे. नकाशावर हाकेच्या अंतरावर, पण गाडीने जायचं तर पूल गाठून परुळ्यावरून मोठा वळसा. देवबागहून होडीने काही मिनिटांत जाता येतं. आमचं मत विचाराल तर एक दिवस वेगळा काढून वळशानेच जा, कारण मग किल्ले निवती करता येतो. टेकडीवरचा पडका किल्ला आहे, चढ फार नाही. वरून भोगव्याचा अख्खा किनारा पायाखाली दिसतो, आणि लांब समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक. दुपारच्या उन्हात चढू नका, वर सावली नाही आणि पाणी विकायला कोणी बसलेला नाही.

उत्तरेला तोंडवळी-तळाशील. तळाशील म्हणजे एका अंगाला गड नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची पट्टी, तिच्यावर माड आणि घरं. पावसाळ्यात या लोकांना रात्रभर झोप नसते, दरवर्षी समुद्र थोडी जमीन घेऊन जातो. थंडीत मात्र इतका शांत किनारा मालवणच्या आसपास मला दुसरा माहीत नाही. तिथे हॉटेलं नाहीत म्हणून रुसू नका, कोणाच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर जेवण मिळतं.

त्याच्या पुढे आचरा. किनारा लांबलचक आहे, पण मी तुम्हाला आधी रामेश्वराच्या देवळात पाठवेन. या गावात काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल घेऊन सगळं गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. कारण कोणी काही सांगतं, कोणी काही. मला विचाराल तर वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊभाऊ त्या तीन दिवसांत एका झोपडीत राहतात आणि एका चुलीवर जेवतात, एवढं कारण मला पुरतं.

गर्दी नसलेल्या किनाऱ्याची दुसरी बाजूही ऐका. तिथे जीवरक्षक नसतो. पाण्यात शिरण्याआधी गावातल्या माणसाला ‘इथे ओढ आहे का?’ एवढं विचारा. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे कधीही पोहू नका, देवबागला, तळाशीलला, कुठेही. ओहोटीला नदीचं आणि समुद्राचं पाणी एकत्र बाहेर ओढ घेतं. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा गुळगुळीत, शांत दिसतो, नवखा माणूस ‘इथे बरं आहे’ म्हणून तिथेच उतरतो. परत जाणारं पाणी तिथूनच जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे जा, आणि ओढ संपली की वळा. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नको. आणि प्यायलेल्या माणसाला घोट्यापर्यंतसुद्धा नको. दरवर्षी कोणाच्या तरी घरचा फोन येतो.

आम्ही शाकाहारी आहोत. मालवणात उपाशी राहावं लागेल, असं सगळे चिडवतात. (नागपूरहून एक वाचक)

चिडवणाऱ्यांनी आमचं घरचं जेवण खाल्लेलं नाही. सोमवारी आमच्यातली कितीतरी घरं मासळीला हात लावत नाहीत, श्रावणात तर नाहीच, मग आम्ही काय उपाशी असतो?

सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. हे सांबार म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे. भाजक्या खोबऱ्याचं वाटण, वर मालवणी मसाला. तुम्ही सावजीवर वाढलेली माणसं, तुम्हाला तिखट चालेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर ओल्या काजूगरांची उसळ मागा. सुक्या काजूची करून वाढतात, ती ती नव्हे. एप्रिलात कोवळ्या फणसाची भाजी. गोडात खापरोळी किंवा शिरवाळे, दोन्ही नारळाच्या गूळ घातलेल्या रसात बुडवून खायचे. शिरवाळे साच्यातून दाबायला दोन माणसांचा जोर लागतो, म्हणून आदल्या दिवशी सांगा, आयत्या वेळी कोणी करणार नाही. रात्री जड नको असेल तर उकड्या तांदळाची पेज आणि वर लोणचं. आणि सोलकढी तर आहेच. ती लाल भडक दिसली तर संशय घ्या, आमसुलाचा खरा रंग फिकट गुलाबी येतो.

भांडी वेगळी हवी असतील तर सरळ विचारा. ज्या खानावळीत एकच तवा आहे तिथला मालक खरं सांगेल. संकोचाने न विचारता बसायचं आणि मग नाक मुरडायचं, याने दोघांचाही दिवस खराब होतो.

आणि मासे खाणाऱ्यांनी काय मागवावं? (ठाण्याहून एक वाचक)

‘आज काय आलंय?’ हे मागवा. प्रत्येक जण सुरमई आणि पापलेटच मागतो, मग ते महाग होतं आणि दुपारी दोनपर्यंत संपतं. (सुरमईला आम्ही इसवण म्हणतो, फळ्यावर तसं लिहिलं असेल तर गोंधळू नका.) ताजा बांगडा, तिरफळं घालून केलेलं तिखलं आणि उकडा भात, याच्यापुढे मला पापलेट फिकं वाटतं. तिसऱ्या (म्हणजे शिंपल्या) मिळाल्या तर सोडू नका. कर्ली (नदी नव्हे, मासा) मात्र जपून. चवीला अप्रतिम आणि काटे मोजता येणार नाहीत इतके, लहान मुलांना देऊ नका. कोंबडी खायची तर वडे-सागोती, पण मालवणात येऊन पनीर टिक्का मागणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मे महिन्यातली रेल्वेची तिकिटं कधीच मिळत नाहीत. कसं यायचं? (विरारहून एक वाचक)

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बसा. मे, गणपती आणि शिमगा, या तीन वेळांना आमची स्वतःची मुलंसुद्धा उभ्याने येतात. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण तीस किलोमीटर. कुडाळचं मिळालं नाही तर कणकवलीचं बघा, तिथून थोडं लांब पडतं पण एसटी असते. कोकणकन्या आणि तुतारी रात्री निघून सकाळी सोडतात. मांडवी दिवसाची आहे, वेळ जातो पण बोगदे आणि पूल बघत येता येतं. विमानतळ चिपीला आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तिथली विमानसेवा कधी असते कधी नसते, तेव्हा चौकशी केल्याशिवाय खोलीचे पैसे भरू नका.

कुडाळहून येताना रिक्षा किंवा गाडी केली असेल तर वाटेत धामापूरला थांबा. डोंगरात अडवलेला जुना तलाव, काठावर भगवतीचं देऊळ. १५३० साली बांधला असं सांगतात, म्हणजे सिंधुदुर्गाच्याही आधीचा. जगातल्या जुन्या सिंचन वारशांच्या यादीत २०२० मध्ये त्याचं नाव लागलं. रात्रभराच्या प्रवासानंतर तिथल्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायलात की मालवणला पोचायची घाई राहत नाही.

पावसात यावं का? (कोल्हापूरहून एक वाचक)

समुद्रात उतरायचं असेल तर नाही. मेच्या शेवटी किल्ल्याच्या होड्या बंद होतात त्या पाऊस ओसरल्यावरच सुरू होतात. स्कूबा बंद, खेळ बंद, १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. तेव्हा जुलैत ताजं पापलेट वाढणाऱ्याला ते कुठून आलं ते विचारा.

पण तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला घाट जवळ. फोंड्याने या, आंबोलीने परत जा, म्हणजे दोन्ही धुकी मिळतील. निघण्याआधी कोणता घाट दरडीने बंद आहे एवढं बघा. इथे लावणी चाललेली असते, घरोघरी सुकी मासळी, खाऱ्या बांगड्याचा तुकडा आणि कुळथाची पिठी. पहिल्या पावसात चढणीचे मासे मिळतात, पोटात अंडी असलेले. आम्ही लहानपणी खायचो, हल्ली मी करत नाही, ओहोळात उरलेच किती? नारळी पौर्णिमेला आलात तर बंदरावर जागा मिळवायला दुपारीच उभे राहा. समुद्राला नारळ अर्पण झाला की मग नारळ लढवायचा खेळ सुरू होतो. आपला नारळ दुसऱ्याच्या नारळावर आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. बायका पुरुषांपेक्षा जास्त जिद्दीने खेळतात. माझं मनगट आता साथ देत नाही, नाहीतर दाखवलं असतं.

त्सुनामी बेटावर दिवसभर खेळता येतं का? मी पाचवीत आहे. (सांगलीहून एक छोटी वाचक)

बाळा, दिवसभर नाही. ते बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाशी साठलेली वाळू. नदी डोंगरातून वाळू आणते, समुद्र ती आत ढकलतो, आणि दोघांच्या भांडणात वाळू मध्येच बसते. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं सांगतात, म्हणून ते नाव. पण अशी वाळू दरवर्षी थोडी इकडे, थोडी तिकडे सरकत असते. भरतीला तुझ्या कमरेपर्यंत पाणी येतं, म्हणून होडीवाले काका ‘चला’ म्हणाले की रडायचं नाही, लगेच चढायचं. लाइफ जॅकेटचे पट्टे सगळे लावायचे, फोटोसाठीसुद्धा सोडायचे नाहीत. आणि बाबांनाही लावायला लाव, ते टाळतील.

परतताना तिथून काय आणावं? (बेळगावहून एक वाचक)

खाजा. गूळ आणि आल्याचा वास हाताला लागला पाहिजे, कडक झालेला घेऊ नका, एक तुकडा चाखून मगच पुडा बांधायला सांगा. मालवणी मसाला एप्रिल-मेमध्ये घरोघरी कुटतात तेव्हा घ्या, वर्षभर टिकतो. कोकमाचं आगळ आणि कोकम सरबत या दोन वेगळ्या बाटल्या आहेत. आगळ खारट असतं, ते सोलकढीला. एका पाहुण्यांनी आगळात साखर घालून सरबत केलं आणि मला फोन करून ‘बिघडलंय’ म्हणून सांगितलं. आंबा ‘देवगड’ म्हणून रस्त्यावर जो विकतात तो सगळा देवगडचा नसतो, ओळखीच्या बागेतून घ्या, पेटी उघडून खालचा थरही बघा. सुकी मासळी घेतलीत तर तीन पिशव्यांत बांधा आणि एसटीत टपावर टाका. नाहीतर बेळगाव येईपर्यंत शेजारचे प्रवासी तुमच्याशी बोलणार नाहीत.